सहाणेच्या काठावरचं गंध

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. देवासाठी चंदन उगाळायचा गोल, खरबरीत दगड. साउथहॅम्प्टनमधल्या एका स्वयंपाकघरात, खिडकीखाली माझी जागा. त्या घराचा शेवटचा साधा दिवस मला लख्ख आठवतो. रविवार होता. ऋजुता इल्फर्डहून वडिलांना भेटायला आली होती.

“बाबा, हीटिंग का नाही लावत? किचनचा फ्रिज झालाय.”

“फ्रिजमध्ये माल टिकतो,” कमलाकर म्हणाले. देवांना गंध लावून झाल्यावर त्यांनी गंधाचं बोट तिच्यापुढे धरलं. “लावतेस?”

“ट्रेन चुकेल माझी.”

बोट मागे आलं आणि माझ्या काठावर टेकलं. दुसऱ्या सकाळी कमलाकर बस स्टॉपवर कोसळले, ते घरी परतलेच नाहीत.

मला नागपूरच्या एका पाथरवटाने घडवलं. कमलाकरांची बायको नंदा मला बॅगेत घालून इकडे घेऊन आली. माझ्या वजनापायी कमलाकरांचे चार शर्ट मागे राहिले, आणि हे त्यांनी तिला आयुष्यभर ऐकवलं. छोटी ऋजुता आंघोळ करून धावत यायची आणि कपाळ पुढे करायची. तेव्हा मला झिजण्याचंही सुख वाटे.

पुढे ऋजुता ग्लासगोला शिकायला गेली. तिची शेवटची परीक्षा आणि नंदाचं शेवटचं आजारपण एकदमच आलं. कमलाकर स्वतः डॉक्टर. त्यांना सगळं कळत होतं. तरी फोनवर ते रोज सांगायचे, “आई झोपली आहे. तू अभ्यास कर.” पेपर संपवून ऋजुता आली, तेव्हा नंदाची वाचा गेली होती.

“मला आईशी बोलायचं होतं,” ऋजुता एवढंच म्हणाली. नंतर बावीस वर्षं ती येत राहिली, वडिलांची औषधं बघत राहिली. पण कपाळ काही तिने पुढे केलं नाही.

कमलाकरांनी तिला कधी स्पष्टीकरण दिलं नाही. पूजा संपली की ते देवापुढे मान वाकवून हळूच म्हणत, “माझं चुकलं. आता सगळं तुझ्यावर सोपवलं.” मग लेकीच्या वाट्याचं गंध माझ्या काठावर ठेवत. मला धुताना तेवढा काठ सोडत. सुरुवातीला ते बोट थरथरायचं. पुढे पुढे ते शांत झालं. ती शांती मला रोज अनुभवायला मिळाली, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

महिन्याभराने ऋजुता घर आवरायला आली. तिने मला नळाखाली धरून घासायला घेतलं. काठावर बोराएवढं पिवळट टेंगूळ होतं. मळ समजून तिने ते नखाने खरवडलं. पापुद्र्याखाली पापुद्रा निघाला. ओल्या नखाला चंदनाचा वास आला. तिने नळ बंद केला.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू घासण्याआधी एकदा निरखून बघा. आणि कुणी बोट पुढे केलं, तर एखादी ट्रेन चुकू द्या.

ऋजुताने मला पुसून जागेवर ठेवलं. पाण्याचे दोन थेंब टाकले, चंदनाचं खोड फिरवलं. देवांना गंध लावलं, मग तेच बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं. रिकाम्या स्वयंपाकघरात ती बोलली, अगदी नेहमीच्या आवाजात.

“बाबा, तुमचं चुकलंच होतं. पण मी कधीच माफ केलंय. सांगायचं तेवढं राहिलं.”