पहिल्या वर्षी कोण पळालं

मेहरूण तलावाकाठच्या बायकांच्या दौडीला दहावं वर्ष लागलं, तेव्हा तिचा इतिहास छापायचं ठरलं. चांगल्या कागदावर, रंगीत फोटो घालून. काम अर्थातच हेमांगी मॅडमकडे आलं, कारण दौड त्यांनीच सुरू केलेली. पहिल्या वर्षी चारशे बायका जमल्या होत्या, त्यातल्या निम्म्या फुकटच्या टी-शर्टसाठी. नाव मॅरेथॉन, अंतर पाच किलोमीटर. तलावाकडून निघायचं, फेरी मारून परत तिथंच यायचं. पुढं साड्या मागं पडल्या, ट्रॅकपॅन्टी आल्या. करोनात बायका आपापल्या गच्चीवर गोल गोल धावल्या आणि मोबाईलनं किलोमीटर मोजले. आता तर धुळ्याहून दोन बसगाड्या भरून येतात.

इतिहास म्हटला की नावं आली. पहिल्या वर्षी, पन्नाशीपुढच्या गटात दुसरा नंबर: सौ. लताबाई पुना बाविस्कर.

हे कानावर आलं आणि भिकुबाईचा जीव खालीवर झाला. कारण लताबाई त्या दिवशी एक पाऊलही धावली नव्हती. धावली होती भिकुबाई.

लताबाई ही भिकुबाईची धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. तिनं हौसेनं फॉर्म भरला, वळणदार सही केली, छातीला लावायचा दोनशे चौदा नंबर आणला. भिकुबाई नुसती तिची पिशवी धरायला गेली होती. तेही घरी, महादेवाला जाऊन येते, असं सांगून. कारण नवरा, हिलाल नाना, आदल्या दिवशीच बोलले होते की बाईमाणसानं रस्त्यावर उड्या मारायच्या आणि घरच्यांनी ते बघायला जायचं, हे आपल्यात नाही. तलावाशी पोचल्यावर शहरातल्या पोरी हात-पाय ताणताना दिसल्या आणि लताबाईची गाळण उडाली. ती कठड्यावर बसली ती उठेचना. म्हणाली, अक्का, नंबर फुकट जाईल. फुकट जाणं हे भिकुबाईच्या लेखी पाप. तिनं नंबर पदराला टाचला, लताबाईचे कापडी बूट चढवले आणि निघाली. जन्म कापसाच्या वावरात गेलेला. पाच किलोमीटर म्हणजे तिला दुपारची भाकर पोचवून येण्याइतकं. तिच्या गटात फक्त अमळनेरची एक शिक्षिका तिच्या पुढं गेली.

घरी आल्यावर नानांनी विचारलं होतं, देवळात इतका घाम? गर्दी होती, असं भिकुबाईनं सांगितलं. पदक घरात ठेवण्याची सोय नव्हती, ते लताबाईकडे गेलं. प्रमाणपत्रही गेलं. त्यावर काय लिहिलंय हे तेव्हा भिकुबाईला वाचता येत नव्हतं. चार वर्षांनी ती प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली, आणि एके दिवशी जावेच्या भिंतीवर टांगलेल्या त्या प्रमाणपत्रात बोट न लावता वाचलेलं पहिलं नाव निघालं ‘लताबाई’. ती गप्प राहिली. बोलावं तर महादेव मध्ये येत होता.

लताबाई मात्र गप्प नव्हती. दरवर्षी दोघी लिंबूपाण्याच्या टेबलावर उभ्या राहत आणि लताबाई नव्या पोरींना आपली दौड ऐकवत असे. आधी त्यात एक कुत्रं मागं लागलं होतं. मग दोन झाली. सहाव्या वर्षी त्या कुत्र्यांचा बैल झाला.

पण छापलं की ते कायमचं. हे मनात घेऊन भिकुबाई हेमांगी मॅडमकडे गेली. खरं काही बोलली नाही. एवढंच सुचवलं की पहिल्या वर्षी नंबर आलेल्या बायकांनी यंदा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं एक किलोमीटर धावावं, लोकांना बघायला बरं वाटेल. मॅडमनी ते उचललंच. दुसऱ्या दिवशी लताबाईला फोन आला. दुपारी लताबाई वाडगाभर भरीत घेऊन दारात.

‘‘अक्का, या खेपेलाबी तूच पळ ना.’’

‘‘पळते. पण माझ्या नावावर.’’

‘‘मग सांग मॅडमला.’’

‘‘आधी यांना सांगावं लागंल. अन् ते तू सांगायचं. महादेवाची थाप मी मारलेली. तुझ्या तोंडून निघालं तर निम्मा राग तुझ्याकडं जाईल.’’

हिलाल नाना तिचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. चाळीस वर्षांत ती त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. सांगायचंच झालं तर डोक्यावर पदर, पाठ त्यांच्याकडं आणि बोलणं तिसऱ्याच कुणाशी. तशी ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली आणि पाण्याच्या माठाला म्हणाली, ‘‘नानास्ले सांगा म्हनावं, भिकुअक्का पळनी व्हती. दहा वरीस झायात.’’

ओसरीत बोरं खात बसलेल्या नानांचा हात तोंडाशी थांबला. त्या घरात पळण्याचा अर्थ एकच होता. नानांची सख्खी बहीण अमळनेरच्या एका बँडवाल्याबरोबर सुरतेला गेली होती. तेव्हापासून त्यांच्या घरी वासरूसुद्धा पळत नसे. ते सुटत असे. नानांनी अंगणात तूर निवडत बसलेल्या चौसष्ट वर्षांच्या बायकोकडं नीट पाहिलं.

‘‘कोना संगे?’’

लताबाईनं माठालाच उत्तर दिलं, ‘‘चारशे जनी व्हत्यात.’’

नानांनी हातातलं बोर खाली ठेवलं.

‘‘मंग परत कव्हय ऊनी?’’

‘‘त्याच दिवशी. अडतीस मिन्टात.’’

भिकुबाईच्या हातून सूप कलंडलं. हसता हसता तिनं महादेवापासून कठड्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. जेवून हात धुताना नानांनी एवढंच विचारलं, दुसरा नंबर, तर मग पहिली कोण? अमळनेरची, म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. या घरावर अमळनेरनं दोनदा मात केली होती.

सकाळी ते स्वतः बायकोचं आधार कार्ड घेऊन मॅडमकडं गेले आणि नाव बदलून आले. एकच अट घातली, की छापताना ‘पळाल्या’ लिहायचं नाही. पहूरला आपले सोयरे आहेत, तेही वाचतात. लताबाईनंही निरोप पाठवला की नंबर माझा होता, हे इतिहासात राहू द्या. मॅडमनी डोक्याला हात लावला आणि दोन्ही मान्य केलं.

आठ दिवसांनी तपासायचा कागद आणि एक लाल पेन भिकुबाईच्या घरी आलं. तिनं ओट्यावर बसून वाचलं: ‘पन्नाशीपुढच्या गटात भिकुबाई हिलाल बाविस्कर या दुसऱ्या क्रमांकाने धावल्या. (नंबर लताबाई यांचा.)’ पुन्हा एकदा वाचलं. नाव बरोबर होतं, वेलांट्या-उकार जागच्या जागी होते.

तिनं पेनाचं टोपण काढलं. धावल्या त्या घरी सांगून आलेल्या बायका. ‘धावल्या’वर तिनं सरळ रेघ मारली आणि वर, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: ‘पळाल्या’.

समोर बसलेल्या नानांनी विचारलं, काय चुकलं होतं?

‘‘काही नाही,’’ कागदाची घडी घालत भिकुबाई म्हणाली, ‘‘एक काना राहिला होता.’’