ओट कितीला

सुरतेत पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये मी बावीस वर्षं पाण्याच्या टाकीवर होतो. कापड रंगवून उरलेलं पाणी त्या टाकीत यायचं. ते साफ करायचं मशीन होतं, पण कोणी तपासायला आलं तरच चालायचं. एरवी ओट लागली की मी व्हॉल्व्ह उघडायचो. ओट म्हणजे ओहोटी. तेव्हा सोडलेलं पाणी खाडीतून सरळ समुद्रात जातं, असं मुकादम म्हणायचा. आम्ही धुळ्याकडची माणसं, समुद्र पाहिलेला नव्हता. मला ते पटलं. तिथीवरून ओटेची वेळ काढायलाही मी शिकलो.

लेवटे त्याच वेळी धरतात. खाडीच्या तोंडाशी चिखल उघडा पडला की हे बोटाएवढे मासे त्यावर सरपटत असतात. माझी बायको प्रमिला सुरतेत येऊन ते खायला शिकली. "ओट कितीला?" असं ती मला विचारायची आणि त्यावरून बाजारात जायची वेळ ठरवायची. पाणी सोडणं आणि लेवटे धरणं, दोन्ही कामं एकाच चिखलात होतात, हे माझ्या ध्यानात उशिरा आलं. आल्यावरही मी बोललो नाही. तिला लेवटे फार आवडायचे, आणि व्हॉल्व्ह माझ्या हातात होता.

नंतर मी रिटायर झालो. गेल्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी खाणंपिणं विचारलं. मी मासे म्हणालो, कुठले ते सांगितलं नाही. किडन्या कशाने गेल्या ते त्यांनाही सांगता आलं नाही. पौषात ती वारली. लेवट्यांमुळे वारली असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही.

परवा रविवारी सुनेने, उज्ज्वलाने, पिशवी हातात घेऊन विचारलं, "आबा, ओट कितीला?" तिला पाचवा महिना आहे.

"आज नाही," मी म्हणालो.

"समुद्राला रविवारची सुट्टी लागली का?"

माझा मुलगा गजेंद्र हसला. "आमच्या मिलला नाही लागत, अन् समुद्राला लागते."

"लेवटे आणू नको," मी म्हणालो.

"वा आबा. आईंना पिशवी भरून, अन् सुनेच्या डोहाळ्याला कात्री."

मग मी सांगितलं. टाकी, व्हॉल्व्ह, खाडी, सगळं. "ते पाणी चिखलात बसतं. लेवटे त्या चिखलावर जगतात. पोटातल्या बाळाला ते नको."

गजेंद्रने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"तुम्हाला कधीपासून?"

"सात-आठ वर्षं."

"अन् तुम्ही तिला वेळ सांगत होते."

"हो."

उज्ज्वलाने पिशवी खिळ्याला अडकवली आणि डाळ-भात लावला. गजेंद्र आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. "येतील थोड्या वेळाने," ती म्हणाली. तो आला नाही. आम्ही दोघांनी जेवून घेतलं. तिने भात दोनदा घेतला.