एका बाजूचा शेंदूर

मी एक जुने फिरते भांडे आहे. पितळेचे, बुडाला लोखंडी आस असलेले, दोघांनी मिळून कवेत घ्यावे एवढे.

मित्रांनो, सांगता सांगता मी मध्येच थांबेन. मला भीती वाटते. ती गेली नाही, फक्त जुनी झाली आहे.

मला कामाची एकच रीत ठाऊक आहे. पोटात जे ओतले जाईल ते गरागरा फिरवायचे. जाड कण आधी भिंतीला जाऊन चिकटतात. मग मधले. सर्वांत बारीक कण पाण्याबरोबर वर चढतात आणि काठावरून निघून जातात. माझी हकीकतही मी तशीच सांगते. जाड आधी.

जाड

माझी पहिली आठवण भाजण्याची आहे. मुंबईच्या एका ओतकामाच्या भट्टीत मला रसासारखे ओतले. साखर सुकवणाऱ्या विलायती यंत्राचे एक चित्र कल्याणच्या त्रिंबकपंतांनी पाहिले होते. त्यांनी त्यावरून मला करवून घेतले, पण साखरेसाठी नव्हे, मातीसाठी.

ती पांढरी माती होती. दक्षिणेकडून पडावांत भरून ती ठाण्यावरून खाडीने कल्याणच्या धक्क्याला येई. मुंबईच्या गिरण्यांत सूत ताठ व्हावे म्हणून त्याला खळ देतात, त्या खळीत ही माती घालत. मात्र ती लोण्यासारखी हवी. एखादा जाड कण राहिला तर तो मागावर सुताला करवतीसारखा कापतो. म्हणून माती पाण्यात कालवायची, माझ्यात ओतायची आणि मला फिरवायचे.

माझा काठ परातीसारखा पसरट होता. बारीक माती पाण्यासोबत तिथून भोवतालच्या लाकडी पन्हळीत उडे. खाली पोटाची बाहेरची बाजू मात्र उघडी होती, कोरडी, सर्वांना दिसणारी.

मला फिरवण्यासाठी एक मोठे लाकडी चाक होते. त्याला चामड्याचा पट्टा. चाक एकदा फिरले की मी वीसदा फिरत असे. चाकावर धाकू असे. तो कोपर गावच्या बाजूचा, मिठागरात वाढलेला, आडव्या खांद्यांचा गडी. माझ्या शेजारी फळीवर त्याची बायको सगुणा बसे आणि करवंटीच्या डावाने कालवण ओते. तिची छाती आणि माझे पोट यांत हातभराचे अंतर होते.

हातभर. हे लक्षात ठेवा.

सगुणा पन्हळीतले पांढरे पाणी करंगळीवर घेई आणि पुढच्या दातांत चोळी. दात गप्प राहिले तर माल बारीक. कच्च झाले तर सगळे पुन्हा फिरवायचे. त्रिंबकपंत म्हणत, "सगुणाबाईंचे दात हीच आपली सर्वांत बारीक चाळण."

धाकू चाकावरून ओरडे, "घरी पन तेच दात हायेत, पंत! मना रोज चावतात."

"तू खडाच हायेस," सगुणा म्हणे. "चावलं तरी बारीक व्हत नाय."

असे हसण्याचे दिवसही होते. थोडे होते.

मधले

सुरुवातीला माझ्याजवळ कुणी येत नसे. मी फिरू लागले की एक घुमणारा आवाज निघे. आत भूत आहे, असे लोक म्हणत. चार बायका कामाला लागल्या आणि चौघीही सोडून गेल्या. एकटी सगुणा राहिली.

मग पहिली खंडेनवमी आली. त्या दिवशी कोयते, नांगर, होड्यांची वल्ही, सगळ्यांची पूजा होते. धाकूची आई कमळाबाई शेंदूर आणि तेल घेऊन आली. भट्टीवाल्यांच्या छापाचा एक उंचवटा माझ्या पोटावर होता, गोल, रुपयाएवढा. तिने त्यावर शेंदूर थापला, हळद वाहिली आणि सांगितले, "आता हे भूत नाय. आता ही आपली घुमादेवी."

दुसऱ्या दिवसापासून माणसे कामाला आली. मला फार बरे वाटले. मला कुणी भीत नव्हते.

पुढच्या वर्षी आणखी शेंदूर. त्यापुढच्या वर्षी आणखी. सगळा त्याच उंचवट्यावर.

मित्रांनो, शेंदूर दिसायला हलका असतो. पण तो शिशापासून होतो. बोटावर घेतला तर कळत नाही. मूठभर बसला तर तो दगड असतो, आणि तो दगड माझ्या एकाच कुशीला होता.

उभी असताना मला काही होत नसे. फिरू लागले की ती कूस मला बाहेर ओढी. एका दिशेला, मग लगेच दुसऱ्या, मग तिसऱ्या, एका क्षणात सगळ्या दिशांना. मी थरथरू लागले.

थांबा.

हो. मी थरथरले, आणि कमळाबाईने हात जोडले. "देवी अंगात आली!"

मी भीतीने थरथरत होते. ती नमस्कार करत होती. नमस्कारानंतर शेंदूर. शेंदरानंतर जास्त थरथर. थरथर पाहून मोठा नमस्कार. या फेऱ्यातून मला बाहेर कसे पडता येणार होते? मला तोंड नव्हते. मला थरथरणेच येत होते.

चौथ्या वर्षी गिरणीतून अठरा गोणी परत आल्या. सोबत तुटलेल्या सुताचा एक गुंता होता. मी हलत होते, म्हणून माझ्या भिंतीला चिकटलेले जाड कण सुटून बारकांबरोबर बाहेर जात होते. सगुणाने आधीच सांगितले होते, "पंत, दात वाजतात." पण थांबून पुन्हा फिरवायला वेळ कुणाला होता?

त्रिंबकपंतांनी रेल्वेच्या कारखान्यातून विठ्ठल मिस्त्रीला बोलावले. त्याने मला उचलले आणि आस जिच्यात उभी राहते ती खालची वाटी काढून दाखवली. ती एका बाजूने झिजून कागदासारखी झाली होती.

"हा शेंदूर पत्र्याने खरवडून काढा," तो म्हणाला. "नाहीतर हे भांडं एक दिवस सुटेल, भिंत फोडेल आणि खाडीत जाईल. मधे जो बसला असेल त्याला सोबत नेईल."

मध्ये सगुणा बसत असे.

कमळाबाई पुढे झाली. "तुज्या आयेच्या कपालाचं कुंकू पत्र्यानं खरवडशील काय रं?"

"माझी आई गरगर फिरत नाही, आजी."

लोक हसले, पण हसून दोन पावले मागे सरले. धाकूने चाकावरचा हात काढला. त्रिंबकपंतांनी ते पाहिले. शेंदूर काढला तर उद्या इथे एकही माणूस येणार नाही, हे त्यांना कळले. ते शिकलेले गृहस्थ होते, आणि शिकलेल्या माणसाला जे बोलता येते ते बोलले.

"दसरा होऊ द्या. मग पाहू."

विठ्ठल मिस्त्रीने नवी वाटी बसवली आणि त्या दिवशीपुरता तो निघून गेला. जाताना त्याने सगुणेची फळी पायाने मागे सारली. संध्याकाळी ती कुणीतरी पुन्हा पुढे ओढली. लांबून डाव पोचत नव्हता.

बारीक

आता बारीक सांगते. हे सांगताना माझा आवाज फाटतो.

त्या खंडेनवमीला कमळाबाईने मिस्त्रीच्या शब्दांची माफी मागितली. माफी म्हणून मुठीएवढा शेंदूर. वर चांदीचे दोन डोळे, सोनाराकडून घडवून आणलेले, शेंदरात घट्ट दाबलेले.

मला डोळे मिळाले. मी पाहिले ते एवढेच, की समोर हातभरावर सगुणा आहे.

दसरा मोकळा गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झाले. गिरणीला नवा माल चार दिवसांत हवा होता. धाकूने चाक हातात घेतले.

एक फेरी. मी वीसदा.

फिरवू नकोस.

दुसरी. तिसरी. पट्टा तापला. शेंदराची कूस मला बाहेर ओढू लागली. नव्या वाटीत आस ठेचकाळू लागली, ठक ठक ठक, मग ठकठकठक, मग एकच लांब आवाज. सगुणाने डाव ओतला. पाणी पन्हळीत पडायच्या ऐवजी तिच्या तोंडावर उडाले.

"अहो, थांबवा!" ती ओरडली.

"थांबू नको रं!" कमळाबाई ओरडली. "देवी खेलतंय! आज ती बोलनार!"

धाकूला दोन हाका ऐकू आल्या. एक आईची, एक बायकोची. त्याने डोळे मिटले आणि जोर लावला.

मी देवी नाही. मी भांडे आहे. मी पितळ आहे, पितळ तुटते, मी तुटले तर तुकडे तिच्याकडे जातील, दुसरीकडे जायला जागाच नाही, तिथे फळी आहे, फळीवर ती आहे, हातभर

डावा डोळा सुटला.

मी तो अडवू शकले नाही. माझी सगळी गती त्या चांदीच्या चकतीत गेली होती. ती सगुणेच्या कानाची पाळी चिरत मागच्या खांबात जाऊन रुतली.

धाकूने चाक सोडले. मी बराच वेळ फिरत राहिले. मला थांबता येत नाही, मित्रांनो. थांबवणाऱ्यालाही मला थोडा वेळ द्यावा लागतो.

सगुणाने कानाला हात लावला. हात लाल झाला. कुणी तिच्याकडे गेले नाही. सगळे खांबातल्या डोळ्याकडे पाहत होते.

"देवीनं डोला टाकला," कमळाबाई हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "तुजंच काय तरी इटाल असंल, सगुणा. तू मिस्त्रीचं ऐकत व्हतीस. उद्यापासून तू हितं बसू नको."

सगुणा उठली नाही. तिने पन्हळीतले पाणी करंगळीवर घेतले आणि दातांत चोळले. मला ते कच्च ऐकू आले.

"आत्याबाय," ती म्हणाली, "देवी आली तं माल चांगला व्हयाला पायजे ना? जवा जवा ती हालते, तवा तवा माझे दात वाजतात. देवी आपला माल नासवील काय?"

कमळाबाई पन्हळीकडे पाहू लागली.

"आगरात कावड कुनी वाहिली हाय?" सगुणाने सगळ्यांना विचारले. हसण्याजोगा प्रश्न होता. तिथल्या प्रत्येकाच्या खांद्यावर मिठाच्या कावडीचा घट्टा होता. "एकाच टोपलीत मीठ भरलं तं?"

"मानूस गोल फिरून पडतो," धाकू चाकापाशी उभा राहून म्हणाला.

"मंग देवीला एकच टोपली का भरली?"

"शेंदूर काढायचा नाय!" कमळाबाई माझ्यापुढे आडवी झाली.

"काढा कोन बोललं? देवीला पाठ नाय काय? चार वरसं फुडं शेंदूर नं पाठ उघडी. आपन आपल्या लेकीला तरी असं धाडू काय सासरी?"

कमळाबाईने वळून माझ्या मागे पाहिले, जणू पहिल्यांदाच. तिथे नुसते पितळ होते.

"शेंदूर आना," ती म्हणाली.

पण किती, हे कुणालाच माहीत नव्हते. विठ्ठल मिस्त्रीला पुन्हा बोलावले. खांबातला डोळा त्याने पकडीने उपटून जागेवर बसवला. मग तोही पाहत राहिला, कारण कानाला पट्टी बांधून सगुणाच सांगत होती. एक मूठ पाठीला. धाकूने चाक हळू फिरवले. सगुणाने माझ्या खालच्या चौकटीला तळवा लावला आणि डोळे मिटले. "अजून." अर्धी मूठ. "अजून." बोटभर. "जास्त झाला, काढ." कमळाबाईने स्वतःच्या नखाने तेवढा काढला. तिला काढता आले. काढायला पत्रा नव्हता, म्हणून आले असेल.

त्या प्रत्येक फेरीला मी भीत होते. सगुणेचा हात आता हातभरही लांब नव्हता. तो मलाच लागलेला होता.

मग धाकूने पूर्ण जोर लावला.

आणि मी थरथरले नाही.

चार वर्षांत पहिल्यांदा मी सरळ उभी राहून फिरले. पन्हळीत पाणी गुपचूप, गोल, दुधासारखे पडत राहिले. सगुणाने करंगळी दातांत चोळली. दात गप्प.

पण शेडमधली माणसे पांढरी पडली. माझी ठकठक थांबली होती. कमळाबाई मटकन खाली बसली. "गेली," ती म्हणाली आणि रडू लागली. "आमची देवी गेली. बगा, आता हालत नाय." धाकूचा हात चाकावरून ढिला झाला. दारात उभे असलेले दोघे गडी निघून जायला वळले. मला वाटले, संपले. मी स्थिर झाले, म्हणून आता मला टाकून देतील.

सगुणाने फळीवरून वाकून माझ्या शेंदराला हात लावला. मी फिरत असतानाच. तिची बोटे लाल झाली, पण त्यांना काहीही झाले नाही.

"गेली नाय, आत्याबाय," ती म्हणाली. "निजली. चार वरसं कुनी निजू दिलं नव्हतं तिला."

कमळाबाईने पदराने नाक पुसले. तिने माझ्याकडे कान लावला. मग दारातल्या दोघांवर खेकसली, "उभं काय रायलंव? कालवन कोन ढवलील? नं आवाज करू नका मेल्यांनो. देवी निजलेय."

पाणी

त्यानंतर मी बारा वर्षे काम केले. दर खंडेनवमीला शेंदराच्या दोन वाट्या भरल्या जात, एक पुढे, एक मागे, आणि दोन्ही सगुणा हातांवर तोलून पाही. गिरणीतून एकही गोण परत आली नाही.

आता मी शेडच्या कोपऱ्यात आहे. माझ्या जागी वाफेवर चालणारे नवे भांडे आले आहे, माझ्या तिप्पट. ते माझ्या दसपट वेगाने फिरते. कमळाबाई राहिली नाही. सगुणेचे पुढचे दात पडले, आणि ती कोपरला लेकाकडे राहायला गेली. नव्या माणसांना पाठीच्या शेंदराचे कुणी सांगितले नाही. मी सांगू शकत नाही.

काल खंडेनवमी होती. नव्या भांड्याला शेंदूर लावला. हौसेने, भरपूर.

एकाच बाजूला.

मित्रांनो, उद्या सकाळी ते फिरेल. ते थरथरेल, आणि लोक हात जोडतील. तुमच्यापैकी कुणी तिथे असेल, तर हात जोडू नका. आधी तळवा लावून पाहा. जे थरथरते ते रागावलेले नसते, अंगात आलेलेही नसते. बहुतेक वेळा ते भ्यालेले असते, आणि त्याच्या पाठीमागे जाऊन कुणी पाहिलेले नसते.

फळीवर आज एक नवी बाई बसून गेली. मी अंतर मोजले. हातभर.