गुंडाप्पा महाराजांची लंगडी शेळी

अणदूरच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध गुंडाप्पा महाराज, पुढ्यात एक लंगडी शेळी. "हिच्या मांडीचं हाड मेलंय, मेलं!" महाराज गरजले. "मंतरलेलं तेल लावतो, मेलेलं हाड जितं करतो!" पाय चोळला, खुरापर्यंत हात फिरवला आणि शेळी टणाटणा उड्या मारत सुटली. लोकांनी हात जोडले.

कडेला उभ्या शिवराजचा नुसता जळफळाट चालला होता. जनावरांचा डॉक्टर तो. त्याच्या दवाखान्यात दिवसाला चार म्हशी येत नाहीत, आणि इथं ही जत्रा! त्याहून झोंबत होता थोरला भाऊ धनाजी. त्याच्या खुब्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरत चाललं होतं. सोमवारी सोलापुरात ऑपरेशन. महिनाभर विनवण्या केल्या तेव्हा कुठं तो तयार झाला होता, आणि आज एका शेळीनं त्याचं मन फिरवलं.

"ऑपरेशन न्हाय करत म्या," धनाजी काठीवर रेलत म्हणाला. "तेलच लावतो."

"दादा, ही फसवणूक हाय."

"तुझं पोट दुखतंय, शिवा. तुझ्याकडं कुणी येत न्हाय म्हणून."

लोक फिदीफिदी हसले. शिवराजचे कान तापले. "व्हय, जळतोय म्या! लई जळतोय! सख्खा भाऊ माझं सोडून ह्याचं ऐकतोय, जळू न्हाय तर काय करू? पण दादा, तुमी जन्मभर शेळ्या राखल्या. शेळी लंगडली की आधी काय बघता?"

"खूर," धनाजीच्या तोंडून निघून गेलं.

"मग आज कुणी बघितला?"

कुणीच नाही. महाराजांसमोर शेळ्या राखणारी माणसंही आपली रोजची रीत विसरली होती. पुढच्या चमत्कारासाठी आणलेली महाराजांची दुसरी लंगडी शेळी बाजूलाच खूर झटकत उभी होती.

"हात लावू नका, मंत्र बाटंल!" महाराज ओरडले.

शिवराजनं शेळीचा पाय उचलून धरला. धनाजीनं खुराच्या फटीत बोट घातलं. हरभऱ्याएवढा खडा निघाला. तेल चोळताना महाराज असाच खडा काढून मुठीत लपवत होते! त्यांनी घाईघाईनं बाटल्या पिशवीत कोंबल्या.

शिवराज लोकांकडं वळला. "हाड मेलंय का जितं, ते उड्यांवरून कळत न्हाय, एक्स-रेचा फोटो काढावा लागतो. औषध पारखायचं तर खरंच हाड मेलेली जनावरं घेतात. निम्म्यांना औषध देतात, निम्म्यांना न्हाय, आन् महिनोन्महिने तपासतात. तरीबी ते माणसाला लागू पडंल का, ही शंका उरतेच. जनावर दुखरा पाय उचलून उरलेल्या तिन्ही पायांवर भार टाकतं. माणसाचा सगळा भार दोनच खुब्यांवर. मग ह्या एका शेळीवरून काय ठरलं? आधी इचारा, तपासा, मगच हात जोडा."

धनाजीनं हातातला खडा भिरकावून दिला. मग भावाच्या खांद्यावर भार टाकत म्हणाला, "जळत जा रं असाच. सोमवारी किती वाजता निघायचं?"