कोतवाल बुकात नसलेला लेक

पार्वताबाईची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथा झाला तेव्हा तिनं बाराव्या दिवशी त्याला एका चिंधीवर शेजारच्या कुंताबाईला विकून टाकलं. मरण पुन्हा घर हुंगत आलं तर त्याला पोर सापडू नये, एवढंच. म्हणून नाव चिंधू. नवरा टिकाराम तर एक पाऊल पुढं. त्यानं गावचे जन्म-मृत्यू लिहिणाऱ्या कोतवालाला सांगून त्याच्या बुकातली जन्माची नोंदही कुंताबाईच्या नवऱ्याच्या, खुशालच्या नावावर करवली. यमाला चकवायचं तर कागदही पक्का हवा ना!

पोरगा वाढला पार्वताबाईच्याच चुलीपाशी. फक्त कुंताबाईला 'माय' म्हणे आणि हिला 'काकी'. बावीस वर्षांत 'माझा लेक' हे शब्द पार्वताबाईच्या तोंडून निघाले नव्हते. जीभ चावून गिळलेले शब्द ते.

१९७९ साली मतदार यादीसाठी चिंधूनं अर्ज भरला. बापाचं नाव लिहिलं टिकाराम. गावचा पुढारी भैय्यालाल याच्याविरुद्ध तो चावडीवर फार बोलायचा. भैय्यालालनं लगेच हरकत घेतली, "टिकारामले पोरगाच नाही. याले बालाघाटकडून आनला. कोतवाल बुक पाहा."

हरकतीच्या सुनावणीला आसगावच्या शाळेत नायब तहसीलदारांनी बुक उघडलं. टिकारामच्या नावावर तीन जन्म आणि तीन मृत्यू. चौथं काहीच नाही. टिकाराम तर सहा वर्षांपूर्वीच वारलेला.

"खुशालच्या नावावर मुलगा दिसतो," साहेब म्हणाले. "त्याचा म्हणून अर्ज दे. आत्ता नाव चढवतो."

"नाही साहेब. मी टिकारामचाच."

"मग आईनं शपथेवर सांगावं. नाहीतर नाव कटेल."

दाराशी बसलेली पार्वताबाई उठून पुढं आली. खुशालचाच आहे म्हटलं की सुटली. मत मिळेल, पोरही जगेल. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात तिचं लक्ष चिंधूकडे गेलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. ही नाही म्हणणार हे ठाऊक असल्यासारखा खाली शेणानं सारवलेली जमीन पाहत उभा होता.

"मले चार लेकरं झाले साहेब," ती म्हणाली. "तीन गेले. हा चवथा. माह्या पोटचा आहे."

बोलली आणि झटकन त्याच्याकडे पाहिलं. पोर तिथंच कोसळणार असं तिला वाटलं होतं. तो उभाच होता, बाहीनं नाक पुसत. साहेबांनी लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला. भैय्यालाल आपल्या चपला शोधू लागला.

परतताना बांधावर साप नव्हता, रस्त्यावर गाडी उधळली नाही, चिंधूला साधी ठेचसुद्धा लागली नाही. घराचा उंबरा ओलांडला तेव्हा कुठं पार्वताबाईनं श्वास सोडला. इतकं हलकं तिला बावीस वर्षांत वाटलं नव्हतं.

दुपारी चिंधू जेवायला बसला. "माय, भात वाढ."

कुडापलीकडून कुंताबाईनं सवयीनं ओ दिली, "काय रे बाप्पा?"

पार्वताबाई भाताचं भांडं हातात घेऊन कुडाकडे वळली आणि अर्ध्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "तुले नाही वं! मले म्हनून राहिला!"