सशांचा नवस

सिहोऱ्याच्या मारुतीपुढं पार्वताबाईंनी नवसाचं कीर्तन ठेवलं होतं. त्यांचा लेक प्रफुल्ल ढोरांचा डॉक्टर. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचं वैद्यक शिकायला तो वर्षभर पुण्याला गेला होता. "माह्या लेकाच्या हातचे सारे ससे बरे होऊ दे," हा त्यांचा नवस. प्रफुल्लनं फोनवर सांगितलं होतं, "झाले बरे."

"आमच्या म्हशीले डॉक्टर भेटत नाही, न् सशाइले कीर्तन," मागून भैय्यालाल म्हणाला. बाया हसल्या. प्रफुल्ल मांडी बदलून बसला.

कीर्तनकार कुसुमताईंचा गळा असा, की टाळ थांबले तरी अभंग मंडपात रेंगाळावा. कीर्तनाच्या उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, त्यांनी पारध्याच्या जाळ्यातून हरणी सोडवणाऱ्या राजाची गोष्ट लावली, आणि रंगात आल्यावर प्रफुल्लला पुढं बोलावलं.

"डॉक्टरसाहेब, बरे झालेले ससे तुम्ही कुठं सोडता? सांगा, गोष्टीत घेते."

सारा मंडप कौतुकानं बघू लागला. 'रानात' एवढा एक शब्द पुरला असता. समोर आई हात जोडून बसलेली. पण उभ्या कीर्तनात, देवाच्या तोंडावर, तो शब्द काही निघेना.

"सोडत नाही, ताई. त्यांच्यावर औषधं तपासतात. त्यांना दुखू नये, हे आम्ही पाहतो. काम संपलं की आम्हीच त्यांना कायमचं झोपवतो."

टाळकऱ्यांचे हात तिथंच राहिले. कुसुमताईंनी मान खाली घातली. विचारलं याचीच त्यांना लाज वाटली असावी. मग विठ्ठलाचं नाव घेऊन त्यांनी गोष्ट अर्ध्यावरच आरतीला नेली.

नवस ज्याच्यासाठी, त्यानंच प्रसाद वाटायचा, ही गावची रीत. प्रफुल्ल परात घेऊन फिरला. लोक हात पुढं करत, त्याच्या तोंडाकडं बघत नसत. भैय्यालालनंसुद्धा टोमणा मारला नाही, ते जास्त लागलं. सगळ्यात शेवटी आई.

"दुखते काय त्याहिले?"

"नाही, आई. तेच तं शिकून आलो."

"मंग मले खोटं काहून सांगतलं? मी देवाले सांगून बसली न रे."

प्रफुल्लनं परात पुढं केली. पार्वताबाईंनी प्रसाद घेतला, पण तोंडात घातला नाही. त्या उठल्या, मारुतीच्या पायरीवर तो परत ठेवला आणि कान धरून उभ्या राहिल्या, लेकाच्या वाटचे.