हनुवटीवरची रेघ

माझ्या आईचा दरारा डोंगराच्या दोन्ही उतारांवर होता. तिच्या पोटची मी. माझ्यापुढेही वस्तीत कोणाची आवाज चढवण्याची टाप नसे. माझी लेक मात्र अबोल निपजली. दवाखान्यात परिचारिका आहे, आणि दरडावते ती फक्त रुग्णांना. आम्हा तिघींनंतर जन्मली ती तिची लेक, आमची ठिणगी.

ठिणगी फोनसमोर बसून नटते. फोन माझ्या धान्याच्या डब्यांवर टेकवलेला असतो, त्यामुळे त्या वेळात स्वयंपाक बंद. वस्तीत आम्ही दोनशे चाळीस माणसे. तिला पाहतात तीन लाख. एका डोळ्यात काजळ घालता घालता ती खाणवाल्यांना आमचा डोंगर का हवा आहे ते सांगते, आणि दुसरा डोळा पुरा होईपर्यंत सरकारदरबारी हरकत कशी नोंदवायची तेही सांगून टाकते.

"अगं, दोन्ही डोळ्यांत काजळ घालून मग बोल की!" मी एकदा म्हटले.

"आजी, दोन्ही झाले की लोक उठून जातात."

पोरगी बिलंदर आहे. माझ्यावर गेली आहे.

सर्वांत शेवटी ती डोंगराची तांबडी माती बोटावर घेते आणि खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत रेघ ओढते. आम्हा आदिवासींमध्ये ही रेघ नुसती शोभेची नाही. ती ओढलेल्या तोंडून खोटे निघता कामा नये, असा आमचा दंडक आहे, आणि तो तिने त्या तीन लाखांनाही पाठ करायला लावला होता.

खाणीला परवानगी द्यायची की नाही, याची सुनावणी सरकारी कचेरीच्या वरच्या मजल्यावर ठेवली होती. ठिणगी रेघ ओढून बोलायला उभी राहिली; मी आणि माझी लेक मागच्या बाकावर बसलो होतो. खाणवाल्यांचा वकील हसतमुख होता. अशा माणसांपासून मी चार हात दूर राहते. त्याने भिंतीवर तिचाच एक व्हिडिओ लावला. त्यात, रेघेसकट, ती एका क्रीमची बाटली गालाशी धरून म्हणत होती, 'हे मी रोज लावते.'

"रोज लावता ना, ताई?" वकिलाने विचारले.

हो म्हटले असते तर कोण तपासायला जाणार होते? 

"नाही," ठिणगी म्हणाली. "दोनदाच लावलं. पुरळ उठलं." लोक हसले. तिचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. "त्या जाहिरातीच्या पैशांतून हरकतींचे अर्ज छापले. तरी खोटं ते खोटंच. माझं चुकलं."

"मग आज खरं बोलताय कशावरून?" वकिलाने एक पिवळा पडलेला कागद काढला. "डोंगरावर जिवंत पाणी आहे म्हणून खाण नको, असं तुम्ही म्हणता. हा चाळीस वर्षांपूर्वीचा जबाब. 'डोंगरावर एकही झरा नाही.' खाली अंगठा तुमच्या आजींचा आहे."

ठिणगीने वळून पाहिले. "आजी?"

अंगठा माझाच होता. त्या साली खाणीसाठी पाहणीला आलेल्या साहेबाने सांगितले होते, पाणी नाही असे लिहून द्या, वस्तीला शाळा देतो. लेक सात वर्षांची होती. सर्वांत जवळची शाळा दिवसभराच्या वाटेवर. मी घरात गेले, ओल्या फडक्याने रेघ पुसली आणि मग अंगठा दिला. पुसलेल्या तोंडाला दंडक लागू नाही, अशी मी मनाची समजूत घातली. शाळा आली. पण दारात उभ्या लेकीने ते पुसणे पाहिले होते. तिने पुढे कधी मातीला बोट लावले नाही, आणि मला एका शब्दाने विचारलेही नाही. त्या डोंगराचे देणे मी चाळीस वर्षे ताठ मानेने टाळत आले होते.

मी उठले. "ठिणगे, मातीची डबी आण."

"आजीबाई, आत्ता तुमची वेळ नाही," सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले.

"माझी वेळ चाळीस वर्षांपूर्वीच होती, साहेब. आधीच उशीर झालाय, त्यात तुमची भर नको."

ठिणगी डबी घेऊन आली. ती तिच्या हातातून माझ्या लेकीने घेतली. "आई, मान वर कर," तिने, रुग्णाला सांगावे तसे, मला फर्मावले. माझ्या हनुवटीवर एवढी सरळ रेघ माझ्या आईनेही कधी ओढली नव्हती.

मग मी सांगितले. एक झरा मोठ्या कातळाच्या बगलेत. दुसरा गुहेच्या तोंडाशी. तिसरा वरच्या सपाटीवर, भर उन्हाळ्यातही न आटणारा.

"आणि तो जुना जबाब?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"खोटा. शाळेच्या लोभाने मीच दिला. हेही लिहा."

वकील काही बोलू लागला. अधिकाऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवले. पुन्हा जागेवर जाऊन पाहणी होईपर्यंत परवानगी मिळणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. ठिणगीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी ओरडले नाही.

कारकुनाने जबाब टंकून माझ्यापुढे सरकवला. "इथे अंगठा, आजी."

"मला लिहिता-वाचता येतं. लेकीच्या पाटीवर शिकले." मी चष्मा लावून ओळन् ओळ वाचली. झरे दोनच उतरले होते. सपाटीवरचा तिसरा मी लिहायला लावला, पुन्हा सगळे वाचले आणि मगच सही केली.